दहावी सही

वकीलबाईंच्या हातात कोणताही कागद आला, की कपाळावरचा चष्मा खाली यायचा, उजव्या हाताचं बोट पहिल्या ओळीखाली जायचं आणि वाचन सुरू व्हायचं. मनातल्या मनात नाही. मोठ्यांदा, वरच्या तारखेपासून खालच्या शिक्क्यापर्यंत. "वाचून दाखवतो, आयका. मंग सही." आमच्याकडे बायाही 'करतो, जातो'च म्हणतात. नागपूरला राहून वकिली शिकून आल्या, तरी बाईंनी ते बदललं नव्हतं.

समोरच्याला वाचता येतं की नाही, याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. एकदा तहसीलमधल्या एका बाबूने घाईत भलताच कागद त्यांच्यापुढे सरकवला. तो निघाला त्याच्याच बदलीच्या विनंतीचा अर्ज. बाईंनी तोही सवयीने सुरू केला आणि 'सासरच्या मंडळींकडून होणारा मानसिक त्रास' इथवर पोचल्या, तेव्हा कुठे त्याने झडप घालून कागद ओढला. अख्खी कचेरी हसली. बाई मात्र गंभीरच. "अर्ज चांगला लिवला हाय जी. फक्त तारीख टाका," म्हणाल्या.

तालुक्याच्या कोर्टासमोर माझं पत्र्याचं शेड होतं. एक संगणक, एक प्रिंटर आणि उन्हाळ्यात हमखास रुसणारं झेरॉक्सचं मशीन. वीसेक वर्षं मी तिथे लोकांचे अर्ज टाईप केले. अशा जागी बसलं की माणसं कशी ओळखू येतात, हे तुमच्यापैकी जे कचेऱ्यांच्या आसपास वावरले असतील त्यांना सांगायला नको. कोण खोटं लिहायला आलाय, कोण घाबरलाय, कोणाला दुसऱ्याने पाठवलंय, हे मजकूर सांगायला लागायच्या आत कळतं. स्वतःबद्दल मात्र काही कळत नाही.

बाई जंगलातल्या एका लहान गोंड गावातल्या. वय पन्नाशीचं. लग्न केलं नव्हतं. त्यांची पक्षकार मंडळी पायी यायची, कोणी सायकलने, कोणी मिळेल त्या ट्रॅक्टरवर. वनहक्काचे दावे, बांबू तोडल्याच्या केसेस, मोहाच्या झाडांवरून झालेली भांडणं. बसायला जागा नसली की ही माणसं माझ्या शेडच्या सावलीत बसत आणि बाई तिथेच उभ्या राहून त्यांना त्यांचेच कागद वाचून दाखवत. अर्धं मराठीत, अर्धं गोंडीत.

निवडणुकांची त्यांना हौस होती असं नाही. पण कोणी बिनविरोध निवडून येतंय म्हटलं, की त्यांना चैन पडत नसे. तालुक्याच्या वकील संघात अकरा वकील. एका वर्षी अध्यक्षपदाला एकच नाव आलं, म्हणून या उभ्या राहिल्या. मोजणी झाली. दहा मतं त्या दुसऱ्या वकिलांना, एक बाईंना. आम्ही समजलो, बाईंचं स्वतःचंच असेल. त्या माझ्या शेडमध्ये आल्या त्या उजळलेल्या चेहऱ्याने.

"ते मत माझं नाई जी. मी तर त्याहिलेच दिलं. आपलं मत आपल्यालेच देणं बरं नाई वाटत. मंग हे एक कोणाचं?"

पुढचे आठ दिवस त्या प्रत्येक वकिलाकडे कृतज्ञतेने पाहत होत्या. शेवटी ते कोण कळेना, म्हणून दहाही जणांना त्यांनी चहा पाजला. त्यातला एक जण तरी खरा हकदार आहे, हे समाधान.

विधानसभेची निवडणूक लागली, तेव्हा एका पक्षाने इच्छुकांच्या मुलाखती ठेवल्या होत्या. बाई सकाळच्या बसने गडचिरोलीला गेल्या. समोर तिघे बसलेले. त्यांनी विचारलं, "तुमच्यामागे किती लोक आहेत?" बाई म्हणाल्या, "मागं कोणी नाई जी. लोक समोर चालतात. मी त्याहिच्या मागं फायल घेऊन चालतो." तिघे हसले, चहा दिला, आणि तिकीट दुसऱ्याला दिलं.

हे सगळं त्यांनीच मला सांगितलं. सांगताना हसत होत्या. मग चष्मा पुसत म्हणाल्या, "आता अपक्ष उभी राहतो. नऊ गावांनी ठरवलं हाय."

नऊ गावं म्हणजे खाणीच्या रस्त्यावरची. त्या रस्त्याने दिवसभर लोहखनिजाचे ट्रक जातात. झाडं, कौलं, गुरांच्या पाठी, सगळं लाल झालेलं असतं. रस्ता रुंद करायचा होता आणि त्यासाठी गावांची संमती झाल्याचा कागद कुठून तरी तयार झाला होता. बाईंनी तो मिळवला आणि नऊही गावांत वाचून दाखवला. लोकांना तेव्हा कळलं, की आपण संमती दिली आहे.

मी विचारलं, "बाई, आमदार होऊन करणार काय?"

"तिथं ज्या कागदाहिवर सह्या होतात, ते आधी मोठ्यानं वाचीन."

मी हसलो. गंमत वाटली मला. ज्यांना तो रस्ता हवा होता त्यांना ती वाटली नसावी. आमचा मतदारसंघ आदिवासींसाठी राखीव, त्यामुळे खाणीचा कंत्राटदार स्वतः उभा राहू शकत नव्हता. त्याने आपला माणूस उभा केला होता. निवडून येण्यात त्याला अडचण नव्हती. अडचण होती ती ही, की प्रचाराचे पंधरा दिवस एक बाई गावोगाव तो कागद वाचत फिरणार होती, आणि उमेदवार म्हणून फिरणार असल्यामुळे तिला कोणी सहज अडवू शकणार नव्हतं.

अपक्षाच्या अर्जावर दहा सूचक लागतात. सूचक म्हणजे त्याच मतदारसंघातला मतदार, जो सही करून सांगतो की या माणसाचं नाव मी सुचवतो. दहातला एक जरी बाद झाला, तरी अर्ज बाद. बाईंनी नऊ गावांतून एकेक माणूस घेतला होता आणि दहावा आमच्या तालुक्याच्या गावातलाच एक किराणा दुकानदार. धानकापणीचे दिवस, नऊही जण विळे खाली ठेवून आले होते. त्यांचा पुढारी म्हणजे एक गायता, गावदेवाची पूजा करणारा सत्तरीचा म्हातारा. काडीसारखा बारीक, खांद्यावर टॉवेल, बोलणं कमी.

अर्ज भरायचा शेवटचा दिवस. तीनला खिडकी बंद होणार. पावणेतीनला किराणावाल्याचा फोन आला, की त्याला अचानक चंद्रपूरला जावं लागलंय. बाईंनी फोन ठेवला. नऊ जण शेडच्या सावलीत उभे. मग बाईंची नजर माझ्यावर आली.

"भाऊ, तुमचं नाव मतदार यादीत हाय ना?"

"आहे की."

"मंग?"

मी पेन घेतलं. खरं सांगतो, छाती फुगली होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सह्यांसाठी जागा सोडत आलो होतो. आज कोणीतरी माझी सही मागत होतं. पण बाईंनी कागद धरून ठेवला. "वाचून दाखवतो, आयका."

"बाई, दहा मिनिटं राहिली!"

"आयका."

आणि त्यांनी सगळा अर्ज वाचला. नऊ जण एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. त्यातल्या एकाने तर हात जोडले. तीनला चार मिनिटं असताना मी सही केली आणि बाई पदर खोचून कचेरीकडे पळाल्या. त्यांना पळताना मी पहिल्यांदा पाहिलं. अर्ज दाखल झाला. आम्ही सगळ्यांनी चहा घेतला. छाननी दुसऱ्या दिवशी अकराला होती.

चारच्या सुमाराला एक पांढरी गाडी शेडसमोर थांबली. तिच्यातून उतरलेला माणूस इस्त्रीचा शर्ट घातलेला, मवाळ बोलणारा. त्याला एका कागदाच्या दोन झेरॉक्स हव्या होत्या. मशीन चालू असताना तो माझ्या शेडकडे वर-खाली बघत होता.

"ही जागा सरकारी ना?"

"हो जी. सगळेच बसतात."

"बसा, बसा. कोणी उठवलं का?" तो हसला. "दहावी सही तुमची आहे म्हणे."

मी मशीनमधून प्रती काढल्या.

"चांगलं आहे. बाईंचे तुमच्यावर उपकार असतील. मुलगी कुठे शिकते?"

"गडचिरोलीला. कॉलेजात."

"साडेसातच्या बसने जाते. डाव्या बाजूला, खिडकीशी बसते." त्याने झेरॉक्स घेतल्या, पैसे नीट मोजून दिले आणि गेला. त्याने विचारलं नव्हतं. सांगितलं होतं.

मी शेड बंद करून घरी गेलो. साडेपाचला पांढरी गाडी आमच्या दारासमोर थांबली आणि तिच्यातून माझी मुलगी उतरली. खूश होती.

"बाबा, बस चुकली होती. तुमच्या ओळखीचे काका भेटले स्टँडवर, म्हणाले चल, तिकडेच चाललोय."

गाडीतल्या माणसाने काच खाली करून मला हात केला. नमस्कार केल्यासारखा. गाडी गेली. बायकोने विचारलं, "कोण जी हे?" मी म्हणालो, "झेरॉक्ससाठी येतात."

त्याच संध्याकाळी ते बाईंच्या घरीही जाऊन आले होते, हे मला नंतर कळलं. नऊही जण बाईंच्या ओसरीवर मुक्कामाला होते. पाहुण्यांनी एकेकाला बाजूला घेऊन विचारलं, अर्जावर तुमचीच सही आहे का, कोणी फसवून तर घेतली नाही ना. गायत्याने त्यांना पाणी दिलं आणि अंगठा पुढे केला. "मले लिवता येत नाई. अंगठा देल्लो. हा पाहून घ्या, मायाच हाय." नऊपैकी सात जणांचे अंगठेच होते. अंगठा नाकारता येत नाही. सही नाकारता येते.

सकाळी मुलीला मी कॉलेजात जाऊ दिलं नाही. नऊ वाजता शेड उघडलं, तेव्हा तो माणूस बाहेर उभाच होता. त्याच्याकडे कागद तयार होता, शिक्क्यानिशी. मला टाईपही करायचं नव्हतं. फक्त खाली सही.

मी वाचलं नाही. आता हे सांगताना लाज वाटते, पण ते खरं आहे. पहिली ओळ दिसली, 'मी शपथेवर लिहून देतो की'. पुढचं धुरकट झालं. मी सही केली. तो म्हणाला, "अकराला हजर राहा. साहेब विचारतील."

छाननीची खोली लहान. टेबलामागे अधिकारी, नवीन, तरुण, कपाळावर घाम. भिंतीला लागून सगळ्या उमेदवारांचे प्रतिनिधी. बाई एका टोकाला उभ्या. खिडकीतून अंगण दिसत होतं. अंगणात चिंचेखाली आठ जण बसलेले. गायता तेवढा आत, दाराशी.

बाईंच्या अर्जाची पाळी आली, तसा कंत्राटदाराच्या माणसाच्या वकिलाने माझा कागद पुढे ठेवला. अधिकारी म्हणाले, "एका सूचकाने सही नाकारली आहे."

बाईंनी हात पुढे केला. "द्या जी. वाचतो."

चष्मा खाली आला. बोट पहिल्या ओळीखाली गेलं. आणि मी काय लिहून दिलं, ते मी पहिल्यांदा ऐकलं. सदर अर्जावरील सही माझी नाही. सदर सही उमेदवाराने किंवा तिच्या सांगण्यावरून अन्य कोणी बनावट केलेली आहे. याबाबत मला मानसिक धक्का बसला असून माझी कायदेशीर कारवाईची मागणी आहे. बाईंचा आवाज एकदाही हलला नाही. खाली माझं नाव आलं, तेही त्यांनी तसंच वाचलं, वडिलांच्या नावासकट. मग तारीख. मग शिक्का.

अधिकाऱ्यांनी मला पुढे बोलावलं. अर्ज माझ्यासमोर धरला. "ही सही तुमची?"

"नाही," मी म्हणालो.

दाराशी गायत्याने मान वर केली. त्याच्या डोळ्यांदेखत मी ती सही केली होती.

"तुम्हाला यांना काही विचारायचंय?" अधिकारी बाईंना म्हणाले. विचारताना त्यांची नजर टेबलावरच होती.

बाईंची उलटतपासणी सगळ्या तालुक्याला माहीत होती. पंधरा मिनिटांत त्या भल्याभल्या साक्षीदारांना रडवत. माझ्याकडे त्यांना पाचसुद्धा लागली नसती. त्या माझ्याजवळ आल्या. इतक्या जवळ, की त्यांच्या चष्म्यात मला खिडकी दिसत होती.

"तुमची पोरगी आज कॉलेजात गेली का, भाऊ?"

"नाही," मी म्हणालो. "घरी आहे."

"बरं केलं." त्या वळल्या. "माझं विचारून झालं, साहेब."

अर्ज बाद झाला.

बाहेर आल्यावर गायता बाईंपुढे उभा राहिला. तो ओरडला नाही. "आमी नऊ गावचे आलो. धान उभा टाकून आलो. तुमी याले काऊन सोडलं?" गायत्याने टॉवेल झटकून खांद्यावर टाकला आणि आठांना घेऊन बसस्टँडकडे चालू लागला. बाई चिंचेखाली एकट्या उभ्या राहिल्या. मी त्यांना तसंच सोडून शेडमध्ये आलो आणि शेडमध्ये काय करावं ते सुचेना, म्हणून प्रिंटरमध्ये कागद भरत बसलो.

मला वाटलं, आता त्या माझ्याकडे फिरकणार नाहीत. दुसऱ्या दिवशी साडेदहाला आल्या. हातात एका जामिनाच्या अर्जाचा मसुदा. "दोन प्रती," म्हणाल्या.

मी टाईप केलं. बोटं चुकत होती. शेवटी न राहवून म्हणालो, "बाई, काल..."

"तुमी खोटं बोलले ते मले मालूम. साहेबाले बी मालूम. मी वढून काढलं असतं तर तुमच्यावर केस झाली असती, आन ते लोक तुमच्या घरी गेले असते. परवा तुमच्या घरावरून जाताना त्या पोरीले मी त्या गाडीतून उतरताना पाह्यलं." त्यांनी चष्मा पुसला. "पण राग गेला असं समजू नका. माया राग गेला नाई, भाऊ. जाणार बी नाई."

मग त्यांनी मी टाईप केलेला जामिनाचा अर्ज मोठ्यांदा वाचून पाहिला आणि दोन चुका दाखवल्या.

निवडणूक झाली. कंत्राटदाराचा माणूस निवडून आला. बाई कोर्टात येत राहिल्या, गावांत जात राहिल्या, रस्त्याचा तो कागद वाचत राहिल्या. फक्त त्यांच्याभोवतीची माणसं कमी झाली. घरमालकाने खोली रिकामी करायला सांगितली. वकील मंडळी त्यांना पाहून फोनवर बोलायला लागत. ज्या एका वकिलाने कधीकाळी त्यांना मत दिलं असेल, तोही त्यांच्यात असणार. एका रस्ता रोकोत त्या नव्हत्या, तरी त्यांचं नाव पहिलं आलं. मग दुसरी केस. मग तिसरी.

उन्हाळ्याच्या तोंडावर पांढरी गाडी पुन्हा शेडसमोर थांबली. तोच माणूस, तसाच इस्त्रीचा शर्ट.

"एक छोटा जबाब द्यायचाय. गुप्त असतो. नाव कुठेच येत नाही. फक्त एवढंच, की बाईंची लोकांना दहशत वाटते."

माझे हात टेबलाखाली होते. मी ते वर काढले नाहीत. पण तोंडातून आलं, "नाही."

"काय?"

"नाही देणार."

तो रागावला नाही. त्याने मान डोलावली. जणू मी त्याला झेरॉक्सचं मशीन बंद आहे असं सांगितलं. आठ दिवसांत माझं शेड अतिक्रमणात निघालं. रांगेतली बाकीची राहिली. आता मी घराच्या ओट्यावर टाईप करतो. मुलीला नागपूरला माझ्या मेव्हण्याकडे ठेवलंय.

आणि बाईंचा हद्दपारीचा आदेश निघाला. गडचिरोली आणि लगतच्या चंद्रपूर जिल्ह्यातून एक वर्ष. गुंडांना काढतात तसा. दोन दिवसांत हद्दीबाहेर जायचं. वर अपील करता येतं. ते त्यांनी केलं आणि त्याच्या तारखा पडत राहिल्या.

त्या निघाल्या त्या दिवशी सकाळी मी स्टँडवर गेलो. एक पिशवी कपड्यांची, तीन फायलींच्या. पोचवायला कोणी नव्हतं, एक पोलीस शिपाई तेवढा होता, बस सुटल्याची नोंद करायला. तोही बिचारा अवघडून दूर उभा.

मला एक गोष्ट सांगायची होती. आयुष्यात एकदा केलेली बरी गोष्ट माणसाला सांगावीशी वाटतेच. मी म्हणालो, "बाई, ते माझ्याकडे जबाबासाठी आले होते. या वेळी मी दिला नाही. माझं शेड गेलं, पण दिला नाही."

बाईंनी पिशवीतून आदेशाची प्रत काढली. पानं उलटली. चष्मा खाली आला. स्टँडवरच्या गर्दीत त्यांनी एकच परिच्छेद वाचला. सदर महिलेने निवडणूक अर्जावर एका इसमाची बनावट सही केली असून त्या इसमाने तसे शपथेवर लिहून दिले आहे. यावरून तिची गुन्हेगारी वृत्ती दिसून येते.

"गुप्त साक्षीदार दोन हायेत," त्या म्हणाल्या. "त्याहिचे जबाब कमजोर हायेत. अपिलात टिकले नसते. आदेश उभा हाय तो ह्या एका कागदावर." त्यांनी प्रत घडी करून ठेवली. "तुमी आता नाई म्हणले, ते चांगलं केलं. पण देल्लेला कागद मरत नाई, भाऊ."

बस आली. मी फायलींच्या पिशव्या वर चढवून दिल्या. त्या डाव्या बाजूला, खिडकीशी बसल्या. बस सुटताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं की शिपायाकडे, ते मला सांगता येणार नाही.

नागपूर जिल्ह्याच्या हद्दीत, रस्त्यालगतच्या एका गावात त्यांनी खोली घेतली होती. गायता दर महिन्याला दोन बस बदलून त्यांच्याकडे जायचा. कोणाच्या तरी सातबाऱ्याचे, कोणाच्या दाव्याचे कागद नेऊन त्यांच्याकडून वाचून घ्यायचा. माझ्याशी तो बोलत नसे. मला ही माहिती त्याच्या गावच्या माणसांकडून, ओट्यावर टाईप करायला आलेल्यांकडून मिळायची. बाई बारीक झाल्या आहेत म्हणे. खोलीसमोर कधी कधी एक पांढरी गाडी थांबते म्हणे. मुदत संपायला महिना राहिला असताना बाईंनी निरोप पाठवला, की मुदत संपेल त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसने येतो.

त्या दिवशी त्या आल्या नाहीत. आज या गोष्टीला चार महिने झाले. फोन त्याच्या आदल्या दिवसापासून बंद. खोलीच्या मालकाने सांगितलं, की आदल्या दिवशीच सकाळी दोन माणसं न्यायला आली होती, नमस्कार करून बोलत होती, बाई त्यांच्यासोबत गेल्या. फायली खोलीतच आहेत. बेपत्ता असल्याची तक्रार नऊ गावांनी दिली. ती मी टाईप केली आणि खाली दहावी सही माझी आहे. ती मी नाकारणार नाही. तपास चालू आहे असं उत्तर येतं. एवढंच येतं.

पण तो दिवस मला सांगायचाय. दुपारची बस यायची म्हणून मी बारापासून स्टँडच्या बाहेर, पानठेल्याच्या आडोशाला उभा होतो. आत जायचा धीर नव्हता. आत बाकावर नऊ जण बसले होते. तेच नऊ. धुतलेली धोतरं, लुगडी, एकीच्या हातात मोहफुलांची पुरचुंडी. दुपारची बस आली. माणसं उतरली. बाई नव्हत्या. कंडक्टरने मान हलवली. दोनची आली. साडेतीनची आली. प्रत्येक बसला नऊही जण उठून उभे राहत आणि परत बसत. लाल धूळ उडवत खाणीचे ट्रक रस्त्याने जात होते, आणि ते गेले की धुळीच्या पलीकडे स्टँड पुन्हा दिसे, आणि ते नऊ जण तिथेच.

साडेपाचची शेवटची. ती यायच्या थोडं आधी मी आत गेलो आणि बाकाच्या कडेला उभा राहिलो. गायता रस्त्याकडेच पाहत होता. मग माझ्याकडे न बघता त्याने खांद्यावरचा टॉवेल मांडीवर घेतला आणि बाकावर थोडा सरकला.

मी बसलो.